अनुभव धागा: कोरियन वेबटून आणि समलिंगी, पारलिंगी माणसांकडे पाहण्याची नजर

कोरियात राहिलेल्या, कोरियन शिकलेल्या किंवा कोरियन वेबटून (इंटरनेटवर भागाभागांनी येणाऱ्या चित्रकथा) नेमाने वाचणाऱ्या सर्वांना हे आमंत्रण आहे. एखादे वेबटून वाचल्यामुळे तुमच्या भोवतीच्या माणसांच्या किंवा तुमच्या स्वतःच्या बोलण्यात समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींविषयी काही फरक पडला का, आणि पडला असल्यास तो नेमका कुठे दिसला, एवढेच लिहावे. कथांचे परीक्षण आणि 'कोरियन लोक असेच असतात' छापाची विधाने कृपया टाळावीत. सुरुवात माझ्यापासून करते.

२०१२ मध्ये मी भाषा शिकण्यासाठी सोलला होते. माझ्याकडून इंग्रजी शिकून मला कोरियन शिकवणाऱ्या एका मुलीने पाठ्यपुस्तक मिटायला लावले आणि वानान यांचे '३०५ क्रमांकाच्या खोलीत स्वागत' हे नेव्हर या कोरियन संकेतस्थळावरचे वेबटून माझ्या पुढ्यात ठेवले. २००८ मध्ये सुरू झालेल्या या कथेत कॉलेजात जाणाऱ्या नायकाला खोलीत जो जोडीदार मिळतो तो समलिंगी आहे, आणि त्याचे नावच किम होमो असे आहे. ही कोटी ऐकून मी नाक मुरडले होते, परंतु दर आठवड्याला ठरलेल्या वारी तोच मुलगा भांडताना, उपाशी झोपताना, परीक्षेला घाबरताना दिसू लागला की नावाचा विनोद बोथट होत जातो. एका भागाखालच्या प्रतिक्रिया मी सरावासाठी मोठ्याने वाचत होते. सर्वाधिक पसंती मिळालेल्या प्रतिक्रिया तिथे सर्वांत वर दिसतात, त्यांना 'बेदेत' म्हणतात आणि भाग संपताच वाचक आपसूक त्यांवर येऊन पडतो. मी वाचत असताना ती मुलगी मध्येच म्हणाली, की शाळेत असताना त्यांनी एका मुलाच्या बाकावर करकटकाने समलिंगी म्हणून हिणवणारा असाच एक शब्द कोरला होता आणि शिक्षकांनी तो मुलाकडूनच घासून काढवला. समलैंगिकतेचा उल्लेख कोरियातल्या अल्पवयीनांसाठी अपायकारक साहित्याच्या सरकारी निकषांतून वगळला गेला तो २००४ मध्ये, आणि नेव्हरवरची वेबटून सुरू झाली तीही त्याच वर्षी. ती तेव्हा शाळेतच होती. त्या दिवशी आमचा धडा पुढे सरकला नाही.

सुवॉनमध्ये नोकरी केलेल्या एका अभियंत्याचा अनुभव:

२०२० च्या सुरुवातीची गोष्ट आहे. जो क्वांग-जिन यांचे 'इतेवॉन क्लास' हे दाउम या संकेतस्थळावरचे वेबटून आमच्या गटातल्या बहुतेकांनी आधीच वाचलेले होते, आणि ३१ जानेवारीला त्यावरची मालिका सुरू झाल्यानंतर सोमवारचे जेवण त्याच गप्पांत जाऊ लागले. कथेतल्या खाणावळीत स्वयंपाक करणारी मा ह्यॉन-ई ही पारलिंगी तरुणी सर्वांची लाडकी होती. (ती भूमिका ली जू-यंग या अभिनेत्रीने केली, एखाद्या पारलिंगी कलाकाराला का घेतले नसेल, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.) स्वयंपाकाच्या स्पर्धेच्या वेळी तिचे गुपित जगजाहीर केले जाते आणि तरीही ती स्पर्धेला उभी राहते, तो भाग पाहून आपले डोळे भरून आले, असे आमचे पन्नाशीचे गटप्रमुख सांगत होते. या गृहस्थांना मी कधीही हळवे झालेले पाहिले नव्हते. मालिका सुरू होण्याच्या नऊच दिवस आधी, लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ब्यन ही-सू या सैनिकाला लष्कराने सेवेतून काढून टाकले होते. तो विषय निघाला तेव्हा हेच गृहस्थ सुपाचा वाडगा बाजूला सारत म्हणाले, की सैन्य म्हणजे काही खाणावळ नव्हे.

मार्चमध्ये मालिका संपली आणि मे महिन्यात सोलच्या खऱ्या इतेवॉन भागातल्या क्लबांतून कोरोना पसरल्याच्या बातम्या आल्या. त्यांतले काही क्लब समलिंगी पुरुषांचे असल्याचे छापून येताच इतका गहजब झाला, की नाव दिले तर कार्यालयात कळेल या भीतीने लोक चाचणीला पुढे येईनात आणि सोलमध्ये नाव न सांगता चाचणी करण्याची सोय करावी लागली. आमच्या टेबलावर मा ह्यॉन-ईचे नाव त्यानंतर निघाले नाही.

देजॉनमध्ये संशोधन केलेल्या, मूळच्या सांगलीकडच्या एका वाचकाचा अनुभव:

वरचे वाचून लिहायला बसलो. मी स्वतः समलिंगी आहे, आणि ही गोष्ट कोरियात मी प्रथम सांगितली ती प्रयोगशाळेतल्या एका मुलीला. ती बीएल वाचणारी होती, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा. त्या लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. तिने दचकण्याऐवजी मला विचारले, की तू 'कोंग' की 'सू', म्हणजे शय्येवर पुढाकार घेणारा की स्वीकारणारा. मला राग आला आणि हसूही आले. तरीही हे नोंदवले पाहिजे, की ज्या देशात होंग सोक-चॉन या अभिनेत्याने २००० मध्ये आपण समलिंगी असल्याचे सांगितल्यावर त्याची दूरचित्रवाणीवरची कामे गेली, तिथे मला हा प्रश्न चहा ओतता ओतता, कसलीही कुजबुज न करता विचारला गेला.

या कथांविषयीची माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्यात सक्तीची लष्करी सेवा नसते, घरमालक नसतो, लग्नाचे कधी करणार म्हणून विचारणारी मावशी नसते, आणि नायक पुष्कळदा ठासून सांगतो, की मी समलिंगी नाही, मला फक्त तूच आवडतोस. ते वाक्य आले की माझ्याच पंगतीतून मला उठवल्यासारखे वाटते. २०२२ मध्ये 'सिमॅन्टिक एरर' या कथेवरची मालिका आली, ती मी त्याच मैत्रिणीच्या घरी पाहिली. तिची आई शेजारी बसून सफरचंदे सोलत होती. दोन्ही मुले किती देखणी आहेत, जोडी कशी शोभून दिसते, असे ती दोनदा म्हणाली, आणि फोडींची बशी माझ्यापुढे सरकवत तिने विचारले, की तुमच्याकडे मुली पाहायला सुरुवात झाली का. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. मी फोड उचलली आणि अजून शिक्षण चालू आहे, असे सांगितले.

डोंबिवलीहून एका आईचा अनुभव:

टाळेबंदीत मुलीबरोबर मीही 'इतेवॉन क्लास' पाहिले. माझे मत बदलले असे मी म्हणणार नाही. लोकलच्या डब्यात टाळी वाजली की मी अजूनही पर्स जवळ ओढते. फक्त त्या वेळी मा ह्यॉन-ईची आठवण येते आणि स्वतःची लाज वाटते, आणि ही लाज पूर्वी वाटत नसे.

पुण्याहून एका भाषांतरकार स्त्रीचा अनुभव:

मी वेबटूनच्या इंग्रजी भाषांतराचे काम करते, त्यामुळे माझा अनुभव शब्दांपुरता आहे. कोरियन क्रियापदाला लिंग नसते आणि 'एइन' हा शब्द प्रियकर व प्रेयसी दोघांनाही चालतो, म्हणून एखादे पात्र कितीतरी भाग आपल्या माणसाविषयी मोकळेपणाने बोलते आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. तिथल्या समलिंगी व्यक्तींना घरच्यांशी बोलताना हाच शब्द आडोसा देतो, हे मला एका सहकाऱ्याने सांगितले तेव्हा कुठे कळले, की मी इंग्रजीत उत्साहाने 'ही' आणि 'शी' घालून तो आडोसा काढून टाकत होते.

सेरी आणि बिवान यांच्या 'तिची शिम चोंग' या वेबटूनमध्ये शिम चोंगच्या जुन्या लोककथेत दोन स्त्रियांचे प्रेम गुंफलेले आहे. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून तांदळाच्या बदल्यात स्वतःला समुद्रात बळी द्यायला निघालेली ही मुलगी आपल्या श्रावणबाळाच्या जातकुळीची आहे, त्यामुळे मी ती गोष्ट आजीला मराठीतून सांगायला घेतली. आजी वाती वळत होती. बापाच्या भागापर्यंत ती माना डोलावत होती, आणि दोघी एकमेकींत गुंतल्या हे ऐकल्यावर वात हातातच ठेवून तिने एवढेच विचारले, "मग त्या दोघींना जेवायला कोण घालत होतं?"

गोष्ट सांगताना माझी खरी अडचण झाली ती 'एइन'पाशी. मराठीत पहिल्याच वाक्याला 'भेटला' की 'भेटली' हे ठरवावे लागते. 'माझं माणूस भेटलं' इथपर्यंत मी पोचले आहे, पण त्यात नातेवाईकाचा वास येतो. याहून बरा शब्द कुणाला सुचल्यास इथे जरूर लिहावा.