दाढ काढल्यानंतर मधुमेही आईला काय खायला द्यावे?

प्रश्न (मृण्मयी, कोथरूड):
नमस्कार. माझ्या आईची खालची दाढ काल संध्याकाळी काढली. तिचे वय 67 असून तिला मधुमेह आहे. दवाखान्यात मऊ आणि गार खाण्यास सांगितले व आईस्क्रीम सुचवले, परंतु गोड तिला चालत नाही. सकाळपासून तिने फक्त अर्धी वाटी दही घेतले आहे आणि साखरेची गोळी मात्र चालूच आहे. पोट भरेल आणि जखमेलाही त्रास होणार नाही, असे काय द्यावे? तिला चहा लागतोच. तो कधीपासून चालेल?

प्रतिसाद (निवृत्त दंतवैद्य, सदाशिव पेठ):
दाढेच्या खळग्यात रक्ताची जी गुठळी धरते, ती खालच्या हाडाचे व नसांचे रक्षण करते. ती निसटली तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी ठणक लागते. म्हणूनच स्ट्रॉने काहीही ओढून पिऊ नये आणि जोरात चूळ थुंकू नये. पहिले 24 तास सरल्यावर कोमट मिठाचे पाणी तोंडात धरून, मान कलती करून नुसते गळू द्यावे. चहाही आज कोमटच द्या.

मला अधिक काळजी वाटते ती उपाशी पोटी घेतलेल्या गोळीची. आता लगेच ग्लुकोमीटरवर साखर तपासा आणि खाणे इतके कमी असताना गोळीची मात्रा किती ठेवायची, हे तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. घाम, थरथर किंवा घाबरल्यासारखे वाटू लागले, तर पथ्य बाजूला ठेवून साखरेचे पाणी पेल्यानेच पाजा.

प्रतिसाद (सुमन, कसबा पेठ):
मृण्मयीताई, मुगाची डाळ जास्त घालून केलेली आसट खिचडी उत्तम; मात्र फोडणीत मोहरी-जिरे घालू नका, कारण ते दाणे नेमके त्या खळग्यात जाऊन बसतात आणि काढताही येत नाहीत. तुपात हिंग-हळद पुरेशी होते. नाचणीचे पीठ गाळून घ्या, पाण्यात गुठळ्या न होऊ देता शिजवा आणि आंबील पुरती निवल्यावरच ताक घाला, म्हणजे ती फाटत नाही. दुधी उकडून मिक्सरमधून काढलेले सूप, कुस्करलेले पनीर, चालत असल्यास बिनमिरचीचे मऊ अंडे, असे थोडे थोडे दर दोन-तीन तासांनी दिल्यास पोटाला आधार राहील. शेंगदाण्याचे कूट, तीळ, खसखस, पोहे, चिवडा आणि बाकरवडी घरात असली तरी सध्या तिच्यासमोर आणू नका.

मृण्मयी:
मनापासून आभार. साखर तपासली, डॉक्टरांशीही बोलले. आंबील आजच करते. पोळी कधीपासून द्यावी?

प्रतिसाद (निवृत्त दंतवैद्य, सदाशिव पेठ):
ठणका कमी होत असेल, तर तीन-चार दिवसांनी वरणात भिजवून मऊ केलेली पोळी दुसऱ्या बाजूने खाऊ द्या. भाकरी मात्र आठवडाभर नको. वेदनाशामक गोळी काहीतरी खाल्ल्यावरच घ्यावी. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढली, किंवा केव्हाही ताप आला वा रक्त थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या.