विमानातल्या स्क्रीनवर पेंग्विन?? अजून कुठे कुठे घुसलंय हे लिनक्स

स्लोलोकल:
परवा दुबईहून येताना सीटसमोरचा स्क्रीन अडकला, एअर होस्टेसला सांगितलं तर तिने कुठूनतरी रिसेट केला आणि काळ्या स्क्रीनवर डावीकडे वर एक छोटा पेंग्विन, खाली पांढऱ्या ओळी भराभर पळतायत. शेजारचे काका म्हणे "व्हायरस आहे, हात लावू नका" 😄 मला वाटायचं लिनक्स ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे सर्व्हरवाल्यांचं काम. अजून कुठे सापडलंय तुम्हाला? अँड्रॉइड सोडून सांगा, ते माहितीये.

अर्धाचहा:
तो टक्स, लिनक्सचं बोधचिन्ह. पुढच्या वेळी पेंग्विन मोज, सहसा प्रोसेसरचे जितके कोअर (आत एकाच वेळी काम करणारे भाग) तितके येतात. तुला एकच दिसला म्हणजे बिचारा एका कोअरवर पिक्चर दाखवत असणार. माझ्या रास्पबेरी पायवर (तो छोटासा स्वस्त कॉम्प्युटर) पेंग्विनच्या जागी चार रास्पबेऱ्या येतात. त्याच पायवर पाय-होल नावाचं जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर टाकलंय, घरातल्या सगळ्या फोनवरच्या बऱ्याच जाहिराती तिथेच अडतात. पहिल्या दिवशी आई विचारते, पेपरची साइट अशी ओकीबोकी का दिसतेय, बंद पडला का पेपर?

खटपट्या:
लांब कशाला जाता, घरातला राउटर बघा. 2003 मध्ये लिंक्सिसला डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) लिनक्सच्या जीपीएल लायसन्समुळे उघडा करावा लागला, लोकांनी तो घेतला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरवर टाकायचं मोफत लिनक्स उभं राहिलं. माझा जुना राउटर कंपनीने अपडेट बंद केल्यावर मी भंगारात टाकणार होतो, आता ओपनडब्ल्यूआरटी टाकून त्यावरच मागच्या खोलीचं वायफाय चालतंय. (टाकताना एकदा वीज गेली आणि राउटरची वीट झाली, म्हणजे चालूच होईना, मग अख्खा रविवार त्यात गेला. यूपीएसवर लावूनच करा हे उद्योग.)

निवांत_नाना:
किंडलमध्ये पण तेच आहे की. आणि रोजच्या वापरातलं नाही पण सांगतोच, 2021 मध्ये मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर, ते पण लिनक्सवर! आणि आमच्या ऑफिसात प्रिंटर जोडायला आयटीवाला अर्धा दिवस घेतो.

अर्धाचहा:
@स्लोलोकल एलजी किंवा सॅमसंगचा स्मार्ट टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये ओपन सोर्स लायसन्सचं पान शोध. एलजीची वेबओएस सिस्टिम काय, सॅमसंगची टायझन काय, खाली लिनक्सच.

स्लोलोकल:
सापडलं!! केवढं लांब आहे ते, पाच मिनिटं रिमोटचं बटण दाबून बसलोय, संपतच नाही. मागून बायको विचारतेय मालिका लावणारेस की वकिली शिकतोयस.