आजोबांचं इटली आणि ट्रंकेत नसलेला तारा

रानजाई
नमस्कार. इथं पलटणीतली आणि लष्करी इतिहासातली जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते.

माझे आजोबा, आईचे वडील, खटाव तालुक्यातले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. १९४० ला भरती झाले, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, दुसरी बटालियन. शिपाई म्हणून गेले आणि शिपाई म्हणूनच १९४६ ला घरी आले. पुढं आयुष्यभर जिरायत शेती. लढाईचं कधी बोलले नाहीत. "दोन वर्सं इटलीत काढली," एवढंच.

गेल्या महिन्यात मामानं त्यांची ट्रंक उघडली. त्यात सहा टोकांचे दोन पिवळे तारे आणि एक गोल पांढरं पदक निघालं. एका ताऱ्यावर इंग्रजीत आफ्रिका लिहिलंय. तिन्हींवर अण्णांचा नंबर आणि नाव ठोकलेलं आहे. इटलीचा तारा मात्र नाही. भावकीतले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "इटलीत असता तर तारा मिळाला असता. म्हातारा सांगायचा काहीतरी." आईला हे फार लागलं.

अजून एक. शेवटची दोन वर्षं अण्णांना अर्धांगवायू होता, वाचा जवळजवळ गेलेली. चार-पाच शब्द राहिले होते, त्यात एक "पाने". तोंडाकडं बोटं नेऊन "पाने, पाने" म्हणायचे. आई विड्याची पानं आणून द्यायची. ते सरकवून द्यायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. तिनं अळू करून बघितलं, तेही नको. आमच्या घरात सगळे "पानं" म्हणतात, "पाने" असं पुस्तकी कुणीच बोलत नाही. शिवाय अण्णांनी जन्मात पान खाल्लं नव्हतं. अण्णांना काय हवं होतं ते आपल्याला कळलं नाही, हे आईच्या मनातून जात नाही.

जुनी_पलटण
ताई, मी याच रेजिमेंटमधून निवृत्त झालोय. तुमच्या आजोबांची बटालियन म्हणजे आमची काली पाचवी. जून १९४२ मध्ये ती उत्तर आफ्रिकेत, लिबियातल्या तोब्रुक बंदरात होती, ११ व्या इंडियन ब्रिगेडमध्ये. तोब्रुकच्या आग्नेय कडेचा मोर्चा तिच्याकडं होता. रणगाडे अडवायचा खंदक वाळूनं भरत आलेला, सुरुंग बरेचसे काढून पश्चिमेला गझालाच्या फळीवर नेलेले. २० जूनला सकाळी जर्मन सेनापती रोमेलनं नेमका तिथंच घाव घातला. आधी विमानांनी भाजून काढलं, मग रणगाडे घुसले. हातात रायफल असलेल्या शिपायानं रणगाड्यापुढं काय करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या बाजूच्या सेनापतीनं शरणागती दिली आणि सुमारे ३३ हजार माणसं कैदेत गेली, तिथून इटलीतल्या छावण्यांत. अख्खी बटालियन त्यात होती.

आता ताऱ्याचं. इटलीचा तारा ११ जून १९४३ नंतर त्या आघाडीवर लढलेल्यांना. पहिली आणि तिसरी बटालियन तिथं लढली, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळालं ते तिथलंच. कैदेतल्या दिवसांना तारा नव्हता. तेव्हा तुमच्या काकांना सांगा, आजोबा इटलीत होते म्हणूनच तो तारा नाही. कैदी होणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. गावात हे सांगायला जड जातं, म्हणून कित्येक जण गप्प राहिले. माझ्या चुलत आजोबांनीही कधी तोंड उघडलं नाही.

आणि ठोकलेलं नाव जपा. इंग्रज सैनिकांना त्या युद्धाची पदकं कोरीच मिळाली, आपल्या शिपायांना नावानिशी.

तोरिनोकर_सुनीता
रानजाई, मी बारा वर्षं इटलीत राहते. तुमचं लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. इथं "पाने" म्हणजे पाव. रोजची भाकरी म्हणा ना.

रोमच्या पूर्वेला डोंगरात आवेझानो म्हणून गाव आहे, तिथं हिंदी कैद्यांची छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं ठेवली तेव्हा बरेच कैदी डोंगरात पळाले. इटलीचा ताबा घेतलेल्या जर्मनांनी जाहीर केलं होतं, कैदी लपवाल तर मराल. तरी शेतकऱ्यांनी गोठ्यात, गवताच्या गंजीत माणसं लपवली, स्वतःच्या ताटातलं दिलं. परक्या दारात उभं राहून पहिला शब्द कुठला शिकणार माणूस? जून १९४४ मध्ये रोम सुटलं आणि तो भागही. तुमच्या अण्णांची दोन वर्षं बरोब्बर बसतात.

कोरेगावकर
नंबर असेल तर बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. कैद्यांची कार्डं जिनिव्हाला रेड क्रॉसकडंही आहेत. तिथं वर्षातून ठरावीक वेळीच अर्ज घेतात, लक्ष ठेवा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. ताऱ्यामागचा नंबर उतरवून घेतलाय, बेळगावला अर्ज उद्याच टाकते. काकांना पलटणीतल्या दादांचं उत्तर पाठवलंय.

रात्री आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. सुनीताताईंचं वाचल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. घास अडकेल म्हणून डॉक्टरांनी अण्णांची भाकरी बंद केली होती, दोन वर्षं पेज आणि मऊ भात. मग म्हणाली, "टोपल्यात होती गं. रोज होती. कुस्करून दुधात दिली असती."