१४ महिन्यांच्या लेकराला जुलाब: प्रोबायोटिक कोणतं द्यावं?

मानेवाड्याची आई
ताई-दादांनो, मुलाला काल सकाळपासून पाण्यासारखी शी होऊन राहिली आहे, आठ-नऊदा झाली. दोनदा उलटी. ताप नाही, रक्त नाही. डॉक्टरांनी ओआरएस, झिंक आणि प्रोबायोटिकची (पोटासाठीच्या चांगल्या जंतूंची) पुडी लिहून दिली. मेडिकलवाला म्हणतो ती पुडी नाही, त्याऐवजी ही कुपी न्या. सासूबाई दूध बंद कर म्हणून राहिल्या. कोणतं चांगलं, सांगा ना जी. रात्रभर डोळा लागला नाही.

प्रतापनगर
आमच्या पोरीला मागच्या पावसाळ्यात कुपीच दिली होती. तिसऱ्या दिवशी थांबलं. मला तर गुण आला.

निवृत्त सिस्टर (लहान मुलांचा वॉर्ड)
ताई, थांबलं हे खरंच. पण असे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात, काही न देताही पाच-सात दिवसांत थांबतात. त्यामुळे त्या वेळी जे दिलं त्याचाच गुण वाटतो. पूर्वी आम्हीही मानायचो की प्रोबायोटिकने एक दिवस तरी कमी होतो. मग २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मोठे अभ्यास झाले. निम्म्या लेकरांना प्रोबायोटिक, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी पावडर. फरक पडला नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २०२० च्या आढाव्यात ८२ अभ्यास, १२ हजारांवर लोक, बहुतेक लहान मुलंच. निष्कर्ष हाच की बहुधा फारसा फरक पडत नाही.

आणि पुडी-कुपी एकच नसते. कुणात लॅक्टोबॅसिलस, कुणात बॅसिलस क्लॉसी हे जिवाणू, बोलार्डी तर यीस्ट, म्हणजे बुरशीचा प्रकार आहे. दुकानदाराने बदलून देऊ नये. धडधाकट लेकराला सहसा अपाय नाही. पण अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

मानेवाड्याच्या पोरी, पुडी मिळाली नाही म्हणून तू रडू नको. ओआरएस कसं कालवते ते सांग.

मानेवाड्याची आई
अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात. तो तोंड वाकडं करतो.

निवृत्त सिस्टर
ते आत्ता फेकून दे! इतकं मीठ लेकराच्या जिवावर बेतू शकतं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. छोटं २०० मिलिचंही मिळतं, म्हणून पाकिटावरचं वाच. दर शीनंतर ५० ते १०० मिलि, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. टेट्रापॅकचं गोड पाणी ओआरएस म्हणून नको.

अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मऊ भात, वरण, दही चालेल. सासूबाईंना माझ्यातर्फे सांग.

सहा तास लघवी नाही, डोळे खोल, रडताना पाणी नाही, सुस्ती, शीमध्ये रक्त, काहीच पोटात टिकत नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पाऊस, नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय नाहीतर मेयो रुग्णालय गाठा. आधी फोटो टाकून इथं विचारत बसू नको.

प्रतापनगर
सिस्टर, आम्हीही तेव्हा झिंक पाच दिवसांत सोडलं होतं. चुकलं का?

निवृत्त सिस्टर
हो. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा लागण्याची शक्यताही त्याने कमी होते.

मानेवाड्याची आई
कालपासून लिटरात कालवलं, आता आवडीने पितो. आज चारदाच शी, लघवी तीनदा. पण झिंकची गोळी थुंकतो, कडू लागते.

निवृत्त सिस्टर
अंगावरचं दूध चमच्यात काढून त्यात विरघळव.