मक्याच्या कणसात मधेमधे दाणे नसतील तर दोष खताचा नाही
स्वीट कॉर्नची कणसं भरत नाहीत म्हणून युरिया वाढवा, असा सल्ला एकानं दिलाय, तो पटला नाही. नुसतं टोक रिकामं राहिलं तर खत-पाणी जरूर बघा, पण दाणे मधेमधे गाळलेले असतील तर परागीकरण चुकलंय. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. त्यावर पराग पडला नाही की ती जागा रिकामी. आपल्या कोल्हापूर भागात उसाच्या कडेनं स्वीट कॉर्नची एकच ओळ टोकतात, मग बराचसा पराग वाऱ्यानं उसात जातो. तेवढंच बी चार-पाच ओळींच्या चौकोनी तुकड्यात लावा.

केस ओलसर, चिकट असताना सकाळी दव सुकलं की तुरे (ताटाच्या शेंड्यावरचा फुलोरा, पराग यातूनच पडतो) हलवायचे, पिवळी भुकटी केसांवर पडताना दिसते. त्या दिवसांत पाण्याचा ताण मात्र अजिबात नको. आणि शेजारी साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला तर दाण्याची गोडी जाते, म्हणून पेरणी पुढंमागं करा.