एर्बियम-टर्बियमच्या बारशातला घोळ
इटर्बी या एकाच स्वीडिश गावावरून इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, एर्बियम अशी चार मूलद्रव्यांची नावं पडली. पण त्यातल्या टर्बियम आणि एर्बियम या दोघांची पाळण्यातच अदलाबदल झाली. १८४३ मध्ये मोसांडर या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने इट्रियातून (म्हणजे इट्रियमच्या ऑक्साइडातून) आणखी दोन ऑक्साइडं वेगळी काढली. गुलाबी छटा देणाऱ्याला त्याने टर्बिया म्हटलं आणि पिवळ्याला एर्बिया. पुढच्या काही दशकांत इतर संशोधकांच्या गोंधळात नावं उलटी झाली आणि तशीच रूढ झाली. म्हणून आज गुलाबी क्षार देतं ते एर्बियम! एकाच गावाच्या नावाची तोडमोड करून चार नावं पाडल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

आणि ही मूलद्रव्यं ज्या दगडातून मिळाली, ती इटर्बीची खाण काही त्यांच्यासाठी खणलेली नव्हती. तिथून फेल्डस्पार नावाचं खनिज निघायचं, चिनी मातीच्या भांड्यांसाठी. १७८७ मध्ये आऱ्हेनियस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला (रसायनशास्त्रातला प्रसिद्ध आऱ्हेनियस वेगळा, तो पुढच्या शतकातला) तिथे एक काळा, जड दगड सापडला. तो गाडोलिन या रसायनशास्त्रज्ञाने तपासला, तिथून हे सगळं सुरू झालं. इटर्बी या नावाचा अर्थही साधाच, 'बाहेरचं गाव'.