खंड, भाडं, व्याज, नफा: कशाला काय म्हणायचं?

प्रश्न: भाचीच्या अर्थशास्त्राच्या वहीत ओळ आहे: भूमीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज, उद्योजकाला नफा. ती विचारते, "मामा, आपण बोरिवलीच्या घराचं भरतो तो खंडच ना?" मी आयुष्यभर भाडंच म्हणत आलो. दोन्ही एकच का?

उत्तर: नाही. खंड मुळात शेतीतला. कूळ जमीनमालकाला देतं तो खंड. साखर कारखान्यांना जमिनी खंडाने दिलेले 'खंडकरी शेतकरी' बातम्यांत भेटतातच. अर्थशास्त्राने हा शब्द उचलला आणि अर्थ आवळला: निसर्गाने दिलेल्या, वाढवता न येणाऱ्या जागेचा मोबदला तेवढा खंड. घरभाडं म्हणजे खिचडी. त्यात खंड आहे, इमारतीत अडकलेल्या पैशांवरचं व्याज आहे, दुरुस्ती आहे, वॉचमनचा पगारही आहे.

खंड सुटा करून बघायचा तर दादरचा वन बीएचके आणि बदलापूरचा तेवढाच वन बीएचके घ्या. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी यांत फारसा फरक नाही. तरी भाड्यात जे अंतर पडतं, ते बहुतेक सगळं खंड. डेव्हिड रिकार्डो या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने 1817 मध्ये हे सुपीक आणि नापीक जमिनींबद्दल मांडलं. मुंबईत सुपीकतेच्या जागी स्टेशन धरायचं. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असतं म्हणून खंड मिळतो, हेही त्याचंच म्हणणं. तेव्हा "इथे जागेचं भाडं केवढं, म्हणून साडी महाग" असं दुकानदार म्हणाला तर ऐकून घ्यावं, पुरतं मानू नये.

दुसरे सदस्य: मग पागडीच्या, म्हणजे सुरुवातीलाच मोठी रक्कम देऊन घेतलेल्या, भाड्याच्या खोल्यांचं काय? आमच्या चाळीत भाडं इतकं किरकोळ, की पावती फाडायचा कागद महाग पडावा. खंड संपला म्हणायचा?

उत्तर: संपला नाही, त्याने खिसा बदलला. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं गोठलं, जागेची मागणी मात्र गोठली नाही. गोठलेलं भाडं आणि बाजारात मिळालं असतं ते भाडं यांतला फरक पागडीतून वसूल होऊ लागला. 1999 च्या कायद्याने तर पागडी घ्यायला रीतसर मुभाच दिली.

प्रश्नकर्ते: आणि नफा? गल्ल्यात उरतं तो नफा, एवढं तरी बरोबर?

उत्तर: बोलीत बरोबर, परीक्षेत नाही. वडापावची गाडी घ्या. बटाटे, बेसन, तेल, पाव, पोऱ्याचा पगार वजा जाता उरतं त्याला मालक नफा म्हणतो. अर्थशास्त्र त्यातून मालकाच्या स्वतःच्या राबण्याची मजुरी काढतं, पहाटे उठून बटाटे सोलणाऱ्या घरच्यांचीही. मग गाडीत घातलेल्या स्वतःच्या पैशांचं व्याज. एवढं करून उरलं तर नफा. बाकी तिघांचा आकडा साधारण आधी ठरलेला असतो. नफा शेवटी हाती लागतो, आणि तो उणेही जाऊ शकतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइटने 1921 मध्ये नफ्याचा संबंध अनिश्चिततेशी जोडला. आगीची जोखीम विमा उतरवून खर्चात धरता येते. समोरचं ऑफिस उद्या ठाण्याला हललं तर गिऱ्हाईक तुटेल, त्याचा विमा कोण उतरवणार?

दुसरे सदस्य: कंपनीचा मालक स्वतःलाच पगार लावून घेतो, तो?

उत्तर: तो काम करत असेल तर वेतन. लाभांश वेगळा, तो नफ्यातला वाटा. मजुरी, हजेरी, पगार, मानधन ही वेतनाचीच व्यवहारातली नावं. भाचीला पेपरात मात्र 'वेतन'च लिहू दे.